पैंजणाची एक कडी

गॅसमीटर मंगळवारी बंद पडला.
पुण्याहून माणूस यायला दहा-बारा दिवस, म्हणाले.
मग मी हुपरीहून, घरून,
अण्णांच्या भट्टीपाशी पडलेली
पैंजणाची एक कडी रुमालात बांधून आणली
आणि नळीच्या तोंडाशी दोऱ्यानं टांगली.

दस्तगीर नदाफ हसला,
"मॅडम, गॅसला दागिनं घालताय व्हय?"

घातले.
चांदीला मी लहानपणापासून ओळखते.
या डिस्टिलरीत लागले तेव्हा
पहिल्याच महिन्यात जोडवी काळी झाली,
सासूबाई म्हणाल्या, अंगात उष्णता आहे, सब्जा खा.
मी सब्जा खाल्ला.
उष्णता टाकीत होती.

टाकी म्हणजे तीन मजली पोट.
मळीतून दारू उतरली की मागं राहतं
काळं, आंबट, वाफाळतं पाणी.
ते गिळायचं आणि पंचवीस दिवस रवंथ करायचं,
एवढंच तिचं काम.
विरजण लावलं होतं गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरल्या
म्हशींच्या शेणाचं, दोन ट्रॉल्या.
दस्तगीर पत्र्याला कान लावतो
आणि सांगतो, "बोलाय लागलंय आत."

गॅस निळा जळतो खरा,
पण त्यात सडक्या अंड्याचा वास
आणि इंजिनाचे व्हॉल्व खाणारे दात.

बॉयलरमागं राखेचा ढीग, पोरांच्या घसरगुंडीएवढा.
बगॅस जळून उरलेली राख.
सगळा गाव तिच्यावर वैतागलेला:
वाळत घातलेल्या धोतरावर राख,
सायीवर राख,
गौरीच्या पावलांवर राख.
आमच्याकडे आई तिनंच पातेली घासायची,
काळं जावं, कल्हई राहावी, एवढ्याच बेतानं.

भंगारातले तीन ड्रम मागितले.
साहेब म्हणाले, "राख? तिचं बिल कुणाच्या नावानं लावू?"
मी म्हटलं, लावू नका.

दस्तगीरचा बाप पिंजारी.
राख ओलसर करून त्यानं ड्रममध्ये अशी भरली
जशी लग्नातली गादी,
कोपरे दाबत, मध्ये गुठळी राहू न देता,
वरून तळव्यानं थोपटत.
मग गॅस तिच्यातून जाऊ दिला.

पहिला दिवस: पांढरी.
चौथा: पांढरी.
सातव्या दिवशी दस्तगीरनं मला विचारलं नाही,
माझ्या आधी येऊन बघून गेला होता.
नवव्याला कडेला पिवळसर,
हळदीचं बोट लागल्यासारखं.
अकराव्याला तपकिरी, मग निळसर,
बाराव्या दिवशी काळी.
राखेचं पोट भरलं.
ड्रम उपसले, नवी गादी भरली.

उरलेल्या कोरड्या राखेतून पाणीही गाळून बघितलं.
बाटली खिडकीत ठेवली,
पलीकडची निलगिरी दिसते का बघायला.
आधी दिसत नव्हती.
आता दिसते, कोऱ्या चहातून दिसावी तशी.
पिण्यालायक नाही, हे रजिस्टरात मीच लिहिलंय,
लाल शाईनं.

शनिवारी खालच्या अंगाचा बळवंत भोई आला,
सायकलला रिकामं जाळं.
दोन वर्षांमागं एका पहाटे
त्यानं पंचगंगेतून टोपल्यांनी मासे काढले होते,
सगळे पोट वर केलेले,
आणि एकही विकला नव्हता.
"औंदा सोडणार का?" एवढंच विचारलं.
मी बाटली दाखवली.
त्यानं ती उजेडात धरली नाही,
बूच काढून हुंगली,
आणि परत दिली.

रात्री अण्णांना कडी दिली, उजळायला.
रिठ्याच्या पाण्यात घालण्याआधी
सवयीनं त्यांनी ती काट्यावर ठेवली,
लहान काट्यावर, काचेच्या पेटीतल्या.
नेली तेव्हाचं वजन वहीत होतंच.
चष्मा कपाळावर सरकवून ते आकड्याकडे बघत राहिले.
"दोन मिलीनं वाढलीय," म्हणाले,
"हे वाढीव कुणाच्या खात्यावर लिहू?"